तळ्याकाठचं आजोबांचं घर मुलांसाठी नवं करायचंय. आधी कशाला हात घालावा?

तुम्ही लिहिलंय की तळ्याकाठी आजोबांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर आहे, तुमच्या लहानपणच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे गेल्या, आणि आता तुमच्या मुलांनाही तेच सुख मिळावं म्हणून घर नवं करायचंय. काठावरचं गवत काढून पाण्यापर्यंत हिरवळ लावायची, नवीन दारं-खिडक्या बसवायच्या, आणि यातलं आधी काय करावं असा प्रश्न आहे.

छप्पर, वायरिंग आणि संडासाची टाकी. एवढं करा. काठाला हात लावू नका. आणि जुनं दार काढणार असाल तर सुताराला बोलावण्याआधी त्याची आतली बाजू नीट बघा, त्यावर कुणी काही लिहून ठेवलंय का.

दाराचं सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच आहे.

आमच्या आजोबांकडे इनॅमलची एक पांढरी ताटली होती. काठाला तीन भोकं पाडून तीन दोऱ्या वर एकत्र बांधलेल्या आणि ती बुडावी म्हणून खाली दगड अडकवलेला. वरच्या लांब दोरीला हाता-हातावर गाठी. हात म्हणजे आजोबांचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सुट्टी लागून आम्ही सगळी पोहोचलो, की पहिल्या लख्ख उन्हाच्या दिवशी भर दुपारी आजोबा होडी काढायचे. घराचं दार आणि मागचं सगळ्यात उंच झाड एका रेषेत आलं की वल्ही थांबवायची. दर वर्षी तीच जागा. मग होडीच्या सावलीच्या बाजूने ताटली पाण्यात सोडायची. उन्हाच्या बाजूला पाणी चकाकतं आणि काहीच दिसत नाही, म्हणून सावलीची बाजू.

1988 साली दोरी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. मी दहा वर्षांची होते. त्याआधी चार वर्षं ती दादाकडे होती आणि त्या वर्षी तो म्हणाला, आता हिला दे. ओली दोरी बोटांतून सरकत होती आणि आजोबा मागून सांगत होते, "नजर काढू नकोस, पापणीसुद्धा लववू नकोस." ताटली आधी पांढरी दिसते. तीन-चार गाठी गेल्या की तिला हिरवट झाक येते. मग कड पुसट होते, नुसता एक फिकट डाग उरतो, आणि एका क्षणी तोही जातो. "गेली," मी म्हणाले. बारावी गाठ. मग हळूहळू वर ओढायची आणि डाग परत दिसला की थांबायचं. दहावी गाठ. आजोबा दोन्हीच्या मधला आकडा धरायचे. अकरा. घरी येऊन त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने साल लिहिलं, पुढे 11, आणि त्याच्यापुढे माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

त्या दारावर वीसपेक्षा जास्त उन्हाळे होते. 1984 चे 12 सगळ्यांत मोठे, त्याखाली आजोबांनी दोनदा रेघ ओढली होती. झोपताना दार लावलं की कंदिलाच्या उजेडात ते आकडे दिसायचे आणि आम्ही भावंडं पडल्या पडल्या यंदा किती भरतील यावर पैजा लावायचो.

हे काय प्रकरण होतं ते मला खूप पुढे कळलं. 1865 मध्ये रोममधले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशाच पांढऱ्या चकत्या सोडून पाणी किती पारदर्शक आहे ते मोजलं होतं. आज तळ्यांवर 20 सेंटिमीटर व्यासाची, काळे आणि पांढरे चतकोर रंगवलेली चकती वापरतात, पण पद्धत तीच. खाली जाताना कुठे दिसेनाशी झाली, वर येताना कुठे दिसली, दोन्हीची सरासरी. आजोबांना हे नाव माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांना कुणी शिकवलं, की त्यांनी स्वतःच शोधून काढलं, हे विचारायचं राहून गेलं.

2011 मध्ये दादाने घर नवं केलं. खर्च त्याने केला, धावपळ त्याने केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी दोन दिवस उशिरा पोहोचले. पांढऱ्या चकचकीत पत्र्याचं दार बसवलेलं होतं आणि जुनं दार सुतार घेऊन गेला होता. "सडलं होतं खालून," दादा म्हणाला. सडलं होतं, खरं आहे. खालची वीतभर. आकडे वर होते. सुताराकडे माणूस पाठवला तोवर त्याने ते फाडून फळ्या करून टाकल्या होत्या.

त्याच आठवड्यात काठ "साफ" झाला. आमच्या काठाला पाणकणसाचा, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या गवतासारख्या झाडांचा, दाट पट्टा होता, मोठ्या माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा उंच. सकाळी त्याच्या देठांवर चतुरांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या असायच्या. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि पूर्ण वाढ झाली की देठावर चढून, पाठ फाडून बाहेर येतात. मागे उरते ती कात इतकी हुबेहूब असते, की पायांवरचे केससुद्धा दिसतात. आम्ही त्या काडेपेटीत जमवायचो. पाठीवरच्या चिरेतून बाहेर आलेला बारीक पांढरा दोरा हा काय असतो यावर माझं आणि मामांचं पूर्ण सुट्टीभर चाललेलं संभाषण मला आठवतंय. (श्वासनलिकांचं अस्तर असतं ते. मामांचं बरोबर होतं.) तो सगळा पट्टा मुळासकट काढला आणि पाण्याच्या रेषेपर्यंत हिरवळ लावली. सुंदर दिसत होती, पहिलं वर्ष.

पाणकणसाची मुळं चिखलात एकमेकांत अडकून काठ धरून ठेवतात. वाऱ्याने येणारी लाट देठांमध्येच दमते. पट्टा गेल्यावर लाट थेट मातीवर आपटायला लागली आणि दुसऱ्या पावसात काठाचा हातभर तुकडा घसरून पाण्यात गेला. त्यात हिरवळीला खत. पाऊस पडला की ते वाहून कुठे जाणार? मधे अडवायला काहीच नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात वारा ज्या कोपऱ्याकडे वाहतो तिथे साय धरल्यासारखा शेवाळाचा हिरवा थर आला. असा थर दिसला तर मुलांना त्या पाण्यात अजिबात सोडू नका, त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही.

खताचा याच्याशी काय संबंध असं दादा आजही विचारतो. संबंध आहे तो खतातल्या फॉस्फरसचा. 1973 मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या तळ्याच्या बरोबर मधे प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्या बाजूला तेच दोन्ही आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी तशीच काळसर राहिली. विमानातून काढलेला फोटो आहे, एकच तळं आणि दोन रंग. मी तो फोटो दादाला तीनदा पाठवलाय.

आणि त्याचं उत्तर ठरलेलं. "अगं, लहानपणी सगळंच स्वच्छ वाटतं."

हे वाक्य मला सहन होत नाही. ज्या दारावर पुरावा होता ते दार यानेच घालवलं आणि आता मला म्हणतो की तुझी आठवण गोड झाली आहे. लहानपणच्या आठवणींबद्दल लोक असं सहज बोलून जातात, जणू लहान मुलाला डोळे नसतात. लहान मूल पोटावर पालथं पडून तासभर एकाच जागी पाण्यात बघू शकतं. मोठ्या माणसांपैकी कोण बघतं? आमच्या त्या घरात दुपारी करायला काहीही नसायचं. टीव्ही नाही, फोन नाही, मोठी माणसं झोपलेली. आम्ही धक्क्याच्या फळ्यांवर पालथं पडून फटीतून खाली बघायचो. मला त्या पाण्याचा तळ माझ्या शाळेच्या वर्गापेक्षा जास्त पाठ होता.

तुमच्या मुलांसाठी काय करावं, याचं उत्तर खरं तर हेच आहे. त्यांना रिकामी दुपार द्या आणि एक काम द्या. आमच्यात पाणी भरणं, होडीतलं पाणी उपसणं, कंदिलाची काच पुसणं वाटून दिलेलं असायचं आणि वयाप्रमाणे बढती मिळायची. दोरी धरायला मिळणं ही सगळ्यांत मोठी बढती. पोहणं मात्र आधी शिकवा, त्यात सबब नको, आणि होडीत प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. संध्याकाळी सगळ्यांना धक्क्यावर गप्प बसवा. ऊन उतरलं की पाण्यालगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते, त्यामुळे आवाज वर निसटून न जाता पाण्याकडे वाकतो आणि पलीकडच्या काठावरचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. आम्ही तिकडच्या अनोळखी माणसांचे रुसवेफुगवे महिनाभर ऐकायचो आणि त्यांना नावं द्यायचो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं दादावर ढकलणं बरोबर नाही. समोरच्या काठावर या वर्षांत बरीच घरं झाली, त्यांच्याही टाक्या आहेत. आमची टाकीही जुनी होती आणि पाण्यापासून फार लांब नव्हती. टाकीतून झिरपणाऱ्या पाण्यातला फॉस्फरस माती काही काळ धरून ठेवते, पण मातीचीही मर्यादा असते. म्हणून मी तुम्हाला छपराबरोबर टाकी म्हटलं. आणि पाणकणीस अजिबात काढू नका असंही नाही, होडीला आणि मुलांना पाण्यात उतरायला दोन-तीन पावलांची वाट लागतेच. ती सरळ न काढता तिरपी काढा, म्हणजे लाट थेट आत येत नाही. शिवाय काही तळ्यांचं पाणी कुजलेल्या पानांमुळे मुळातच तपकिरी असतं. तिथे आकडा लहान आला म्हणून घाबरू नका. तुमचा आकडा तुमच्याच मागच्या आकड्याशी ताडायचा.

आता मागच्या उन्हाळ्याचं. दादाच्या मुलीने विचारलं, "आत्या, दारावर काय लिहिलेलं असायचं?" मी तिला ताटली दाखवली. ती माझ्याकडे होती, दोरीसकट, ट्रंकेत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी होडी घेऊन गेलो. ते उंच झाड अजून आहे. दोरी तिने धरली. पाचव्या गाठीला गेली, तिसरीला दिसली. चार.

परत येताना धक्क्याच्या शेवटच्या पायरीशी होडी लावली आणि मला कप आठवला. दादा तेरा-चौदा वर्षांचा असताना भांडी विसळताना आजीचा निळा कप त्याच्या हातून त्या पायरीवरून पडला. तळाशी आडवा जाऊन बसला, कान वर करून. दादाने चार दिवस बुड्या मारल्या, पण खालचं पाणी इतकं गार होतं आणि कान असे दुखायचे, की तो दर वेळी अर्ध्यातून परत यायचा. पुढची दोन वर्षं तो कप आम्हाला पायरीवरून रोज दिसायचा. त्यात एक बोटभर मासा राहायला आला होता. दादा सकाळी उठून आधी तो आहे का ते बघायला जायचा.

ताटली मी तिथेच तळाला टेकेपर्यंत सोडली. काठ घसरून तळाशी गाळ बसलाय, म्हणजे तेव्हा कदाचित जास्तच खोल असेल. तरीही सात गाठी भरल्या. दादा वर उभा होता. मी त्याला एवढंच विचारलं, तुझा मासा दिसायचा ना? तो म्हणाला, "दिसायचा." मी म्हटलं, सात गाठी आहे इथे. आज चारला ताटली जाते.

तो काही बोलला नाही. संध्याकाळी मुलीला पेन्सिल शोधून दिली. पत्र्याच्या दारावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून तिने चौकटीच्या लाकडावर लिहिलं.

तुम्ही ठेकेदाराला बोलावण्याआधी या उन्हाळ्यात ताटली सोडून आकडा घ्या. दोरी सुती असेल तर आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवा आणि गाठी ओल्या दोरीला मारा. सुती दोरी भिजली की आखडते, मग सगळं अंतर चुकतं. आजोबा नेहमी भिजवून घ्यायचे.