बाबांच्या रिपोर्टमधला 8 मिलिमीटरचा पॉलिप

बाबांचं वय 58, दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला 8 मिलिमीटरचा देठाचा पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेला मांसाचा कोंब) निघाला, डॉक्टरांनी तो तिथंच काढून बायोप्सीला पाठवला आणि तेव्हापासून घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही, असं तुम्ही लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी परळला माझी हीच तपासणी झाली, दोन पॉलिप निघाले. रिपोर्टची वाट बघतानाचे ते दिवस मला अजून आठवतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॉलिप निघणं सर्रास आहे. पाश्चात्त्य देशांत पन्नाशीनंतर तपासणी केलेल्या साधारण चौघांत एकाला तरी तो सापडतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी, पण त्रास नसताना दुर्बीण घालून घेणारेही आपल्याकडे कमीच. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. शिवाय बहुतेक पॉलिप दुखत नाहीत, काही कळूच देत नाहीत. मला रक्त जायचं, तर मी वर्षभर मूळव्याध समजून मलम लावत राहिले. असं कुणीही करू नका.

रिपोर्टसोबतचे रंगीत फोटो बघून तुम्ही घाबरलात, म्हणून ते कसे बघायचे ते सांगते. निरोगी आतडं आतून गालाच्या आतल्या बाजूसारखं असतं: गुलाबी, ओलसर, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसणारं. माझा एक पॉलिप साबुदाण्याएवढा, फिकट, भिंतीला चिकटलेला होता. तो हायपरप्लास्टिक, म्हणजे निरुपद्रवी निघाला. दुसरा बाबांच्यासारखाच, देठावर लालसर टपोरं डोकं, पावसाळ्यात ओल्या लाकडावर अळंबी उगवते तसा. तो ॲडिनोमा होता, म्हणजे पुढे कधीतरी कॅन्सरमध्ये बदलू शकणारा प्रकार. देठ असला की तारेचा फास टाकून कापणं सोपं जातं, आणि कापताना दुखतही नाही. खरे फसवे ते सपाट पॉलिप. ते बरेचदा उजव्या बाजूला असतात, वर चिकट थर असतो, आतड्याच्या घडीत सहज लपतात. म्हणूनच पोट साफ करायचं ते पावडरचं पाणी कितीही नकोसं झालं तरी सांगितलं तेवढं प्यायचंच.

नुसत्या दिसण्यावरून पक्कं निदान होत नाही, ते बायोप्सीवरच ठरतं. एक सेंटिमीटरच्या आतल्या पॉलिपमध्ये कॅन्सर सापडण्याची शक्यता फार कमी असते. ॲडिनोमाचं कॅन्सरमध्ये रूपांतर व्हायलाही साधारण दहा वर्षं जातात, आणि सगळ्यांचं होतही नाही. रिपोर्टमध्ये ‘ट्युब्युलर’ आणि ‘लो ग्रेड’ दिसलं तर निश्चिंत व्हा, पुढची तपासणी काही वर्षांनी. ‘व्हिलस’ किंवा ‘हाय ग्रेड’ असेल तर ती लवकर होईल, आणि मग तुम्ही भावंडांनीही चाळिशीला स्वतःची दुर्बीण करून घ्यायची. फोटो आणि बायोप्सीचा कागद एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.

आणखी एक. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत कधीही त्या जागेतून रक्त येऊ शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच. थेंबभर दिसलं तर डॉक्टरांना फोन करा. भरपूर गेलं, गुठळ्या पडल्या, चक्कर आली किंवा पोटात जोरात दुखायला लागलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा.