रिम-कप नंतर, आधी शँक मोजा

जर्मनीतल्या हौशी वाद्यवृंदासाठी तुम्ही जुना अलेक्झांडर 103 फ्रेंच हॉर्न घेतलात आणि माउथपीस आधीच्या हॉर्नचाच लावलात. आता पाच रेषांच्या डोक्यावरचा जी फुटतो, सप्तकं जुळत नाहीत, म्हणून आतून अरुंद रिम (माउथपीसची ओठांना टेकणारी कड) घ्यावी का, असं विचारलंय. तूर्तास काहीही विकत घेऊ नका. रिमबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात, शँकबद्दल, म्हणजे माउथपीसच्या हॉर्नमध्ये शिरणाऱ्या दांडीबद्दल, एकही नाही. याच चुकीत माझे तीन माउथपीस वाया गेले. दुकानदार छातीठोकपणे सांगत होता की हॉर्नचे शँक सगळे सारखेच. ते अजिबात खरं नाही. युरोपियन शँक जाड असतो, अमेरिकन बारीक. अलेक्झांडरला युरोपियन लागतो. अमेरिकन त्यात गरजेपेक्षा जास्त आत जातो. मग ट्युनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बाहेर ओढून एक सूर जुळवता येतो, पण माउथपीसचा परिणाम वरच्या सुरांवर जास्त होत असल्याने सप्तकं फाटतात आणि वरचे सूर जागेवर बसत नाहीत. ओठांचा दोष नसताना माणूस ओठांना दोष देत राहतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. माउथपीस लावून हलकासा फिरवा, लीडपाइपच्या (माउथपीस बसतो त्या नळीच्या) कडेशी शँकवर पेन्सिलची रेघ मारा, बाहेर काढून टोकापासून मोजा. साधारण 20 ते 25 मिमी आत जायला हवा. डगमगत असेल तर शँक आणि लीडपाइपचा उतार (निमुळतेपणा) जुळत नाही, तो माउथपीस बाजूलाच ठेवा. जास्त आत जातोय असं वाटलं तर प्रिंटरच्या कागदाची पट्टी शँकभोवती एकच वेढा घालून लावा, टोकं एकमेकांवर येऊ देऊ नका. कागद 0.1 मिमी जाड, म्हणजे व्यास 0.2 मिमीने वाढला. उतार जवळपास 1:20, म्हणून माउथपीस 4 मिमी बाहेर येतो. त्याने सप्तकं सुधारली तर शँक बारीक आहे. उलट शँक जाड निघाला तर तो लेथवर उतरवून घेता येतो, पण टोकाची भिंत पातळ होते. माझं मत विचाराल तर त्याच मॉडेलचा युरोपियन शँक मिळत असेल तर तोच घ्या.

हे जमल्यावर रिम. आतला व्यास बहुतेकांचा 17 ते 18 मिमीत येतो, 17.5 पासून सुरुवात करा, ओठ जाड असतील तर वर जा. दोन कंपन्यांच्या कॅटलॉगमधले आकडे एकमेकांशी ताडू नका, प्रत्येकजण वेगळ्या खोलीवर मोजतो. अरुंद रिमने उंच सूर सोपे वाटतात खरे, पण खालचे सूर आखडतात आणि ओठाला हलायला जागा उरत नाही. बोअरचा (माउथपीसच्या आतल्या भोकाचा) नंबर लहान म्हणजे भोक मोठं: 14 नंबर सुमारे 4.6 मिमी, 10 नंबर 4.9. शंका असेल तर लहान भोकाचाच घ्या; भोक वाढवता येतं, बुजवता येत नाही. आटे असलेली, सुटी होणारी रिम घेणार असाल तर आटे मेट्रिक की अमेरिकन ते आधी विचारा, एकमेकांना बसत नाहीत.

मी शिक्षक नाही, तुमचे ओठही पाहिलेले नाहीत, तेव्हा शिक्षक असतील तर त्यांचं आधी ऐका. पण दुकानात दहा मिनिटं वाजवून ठरवू नका. नवा माउथपीस पहिले दोन दिवस सगळ्यांनाच आवडतो. परत करायची मुभा मागून घ्या आणि दोन आठवडे तोच एक वाजवा: ट्यूनर लावून सप्तकांच्या उड्या, खालचा सी अगदी हळू आवाजात, मग वरच्या जी वर थेट सुरुवात. कुणाला तरी दहा मीटरवर उभं करा, कारण हॉर्नचं तोंड मागे असतं आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा खरा आवाज ऐकू येत नाही.

रिमचा मुलामा झिजून पितळ उघडं पडलं असेल आणि ओठाभोवती खाज येत असेल तर ती रिम लगेच बदला. आणि माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, लीडपाइप पिळवटतो. दुरुस्तीवाल्याकडे माउथपीस ओढून काढायचं साधन असतं, त्याच्याकडेच न्या.