मुंबई-लक्षद्वीप क्रूझला आई-बाबांना न्यावं का?

आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मुंबईहून लक्षद्वीपची लक्झरी क्रूझ बुक करावी का, पैसे वसूल होतात का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहिते. जहाजावर चार दिवस राहायची हौस असेल तर जा. लक्षद्वीप बघायचं असेल तर क्रूझने जाऊ नका.

बाबांना लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या उथळ पाण्यात चालायचं होतं. प्रवाळ पायाला कापतं असं मीच सांगितल्यामुळे त्यांनी मुद्दाम रबरी सँडल घेतले होते. अगत्तीचा दिवस उजाडला तेव्हा सहा वाजल्यापासून ते सँडल घालून, टोपी हातात धरून पलंगावर बसून होते. साडेआठला कप्तानाची घोषणा झाली: समुद्र खवळलाय, उतरणं रद्द.

बुकिंग करताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ते हे. बेटाभोवती प्रवाळाची कडा आहे आणि आतलं पाणी उथळ, त्यामुळे मोठं जहाज किनाऱ्याला लागतच नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि जहाजाच्या खालच्या दारातून छोट्या होडीत उतरावं लागतं. होडी वर-खाली होत असते, खलाशी दंडाला धरून घेतात. लाटा असल्या तर ते जमत नाही. आईचे गुडघे बघता कप्तानाचा निर्णय मला पटला. राग आहे तो एजंटवर. तिकिटाच्या अटींत बारीक अक्षरात होतं की एखादं बंदर वगळलं तर फक्त बंदर शुल्क परत मिळेल. तेवढंच मिळालं.

बाबा डेकवर कठड्याला धरून उभे राहिले. लांबवर नारळांची रांग आणि तिच्याखाली फिकट हिरव्या पाण्याचा पट्टा दिसत होता. जहाज वळेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "दिसलं ना, झालं." ते आठवलं की अजून गलबलून येतं.

खोलीचंही तसंच. समुद्र दिसावा म्हणून जास्त पैसे भरले आणि पडदा सरकवला तर काचेसमोर नारिंगी लाइफबोट! खोलीचा नंबर आधी मागून घ्या आणि जहाजाच्या नकाशावर तिच्यासमोर काय आहे ते बघा. वायफाय, पेयं, रोजचा माणशी सर्व्हिस चार्ज, सगळं वेगळं. जेवण मात्र उत्तम होतं, आणि तिथली वाढणारी मुलं आईला हात धरून टेबलापर्यंत न्यायची, त्यांचे उपकार विसरणार नाही.

तरीही क्रूझच करायची असेल तर खोली जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. उतरणं रद्द झालं तर किती पैसे परत देणार, हे एजंटकडून लेखी घ्या.

नाहीतर सरळ कोचीला जा, तिथून अगत्तीला विमान आहे. पावसाळा टाळा, आणि प्रवेश परवाना लागतो, त्याचा अर्ज वेळेत करा. आम्ही डिसेंबरची तिकिटं काढलीत. सँडल बाबांनी पुन्हा खोक्यात नीट ठेवलेत.