ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसाने लहानपणापासूनच्या आघातांना कसं तोंड द्यावं?

कुकरची शिट्टी झाली तरी हातपाय गार पडतात, हा ऑटिझम की जुन्या माराची भीती, असं विचारलंयत. माझ्या बाबतीत दोन्ही. ते वेगळं काढण्यात मी उगाच वर्षं घालवली. आता शिट्टीआधी घरचे सांगतात, मी कानात बोळे घालतो. वर्षानुवर्षांच्या छळातून येणाऱ्या अशा त्रासाला आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (२०२२ पासून लागू) स्वतंत्र निदान आहे. थेरपिस्टला पहिल्याच दिवशी विचारा, ऑटिस्टिक प्रौढांसोबत काम केलंय का? ‘आत्ता काय वाटतंय?’ याला माझ्याकडे उत्तरच नसायचं. घरून लिहून न्यायला लागलो, तेव्हा गाडी हलली. डोळ्यांत बघाच म्हणणारा एक डॉक्टर मात्र सरळ सोडला. रात्री-अपरात्री फारच झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.