पुण्यात लॉ फर्मच्या मुलाखतीत नेमकं काय विचारतात?

मी शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका लहान फर्ममध्ये मुलाखत दिली होती. मार्कांबद्दल एकही प्रश्न आला नाही. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी न वटलेला चेक आणि तो परत आल्याचा बँकेचा मेमो समोर ठेवला. म्हणाल्या, "अर्ध्या तासात नोटीस लिहून दाखव."

चेक न वटण्याबद्दलचं कलम 138 (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) पाठ होतं, तरी मी मुदतीत चुकले. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि तरीही नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. मी 15 च्या जागी 30 लिहिले. त्यांनी शांतपणे चूक दाखवून पुन्हा लिहायला लावलं, हे मला फार आवडलं.

मग सातबारा वाचायला दिला, विशेषतः 'इतर अधिकार' रकाना, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, बोजा, इतरांचे हक्क लिहिलेले असतात तो. जमिनीची कामं करणाऱ्या फर्ममध्ये जात असाल तर हे घरूनच शिकून जा. फौजदारी काम असेल तर नवी कलमं बघा, 1 जुलै 2024 पासून फसवणुकीच्या जुन्या कलम 420 (भारतीय दंड संहिता) च्या जागी भारतीय न्याय संहितेचं 318(4) आहे.

पगाराचा विषय मात्र त्यांनी काढलाच नाही. मी विचारलं तर "आधी शिकून घे" एवढंच उत्तर. हे मला अजिबात पटलं नाही. तुम्ही स्पष्ट विचारा.