यंदाचा फराळ एकटीच्या डोक्यावर

ताई, नमस्कार. माझं वय ३९, डोंबिवलीत राहते, नोकरीसाठी रोज मुंबई. आमच्याकडे दिवाळीचा सगळा फराळ आजवर सासूबाईंनीच केला, मी त्यांच्या हाताखाली. यंदा त्या घरातच पडल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालंय, पण हातात जोर नाही. "यंदा तूच बघ," एवढंच म्हणाल्या. मागच्या वर्षी चकलीचा एक घाणा मी तळायला घेतला आणि चकल्या तेलात विरघळल्या. पाडव्याला सगळे जमले असताना धाकट्या जावेने ते सर्वांसमोर काढलं, "वहिनींनी चकलीची भजी केली होती." सगळे हसले, मीही हसले. यंदा दसऱ्यापासून रोज ठरवतेय, आज डाळी भाजायच्या, आज माळा काढायचा. डाळ-तांदळाच्या पिशव्या दाराआड तशाच पडून आहेत. रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघत एक वाजतो. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "भाजणी कधी करायची?" मला तो टोमणाच वाटला. नवरा म्हणतो, "विकत आण, एवढं काय त्यात." पण मग लोक काय म्हणतील? वसुबारस आठ दिवसांवर आली. मी एवढी आळशी कधीपासून झाले?
फराळाची धास्ती घेतलेली, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

आळशी हा शब्द आधी काढून टाका. रोज डोंबिवलीहून लोकलने मुंबई गाठणारी, परत येऊन कुकर लावणारी, दिवसभराच्या कामानंतर रात्री एकपर्यंत चकलीचे व्हिडिओ बघणारी बाई आळशी नसते. आळशी माणसाला झोप लागते. तुमची उडाली आहे.

तुम्ही काय लांबणीवर टाकलंय ते एकदा नीट बघा. डबे, धुणं, मुलांचं काही असेल ते, ऑफिस, यातलं काहीच अडलेलं नाही. अडलंय ते नेमकं तेच काम, ज्यात मागच्या वर्षी चारचौघांत हसं झालं. माळ्याचं काम तर त्याच्याबरोबर फुकट अडकलंय. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस हे मानसशास्त्रज्ञ चालढकलीवर बरीच वर्षं काम करताहेत. २०१३ साली त्यांनी मांडलं की माणूस काम टाळतो तेव्हा बहुतेक वेळा तो त्या कामाबरोबर येणारी नकोशी भावना टाळत असतो. काम पुढे ढकललं की घटकाभर बरं वाटतं, आणि त्या घटकाभराच्या सुटकेचीच सवय लागते. तुमच्या दाराआडच्या पिशव्या मी अशाच वाचते. त्यांत डाळी आहेत तसा पाडव्याचा तो हशाही आहे. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसलात, म्हणून तो अजून आत बसलाय.

त्यामुळे "मनावर घे आणि लाग कामाला" हा सल्ला मी देणार नाही. तुमच्यासाठी फराळ म्हणजे आता परीक्षा झालीय. ती परीक्षा मोडायची, म्हणजे काम आपोआप हलेल. त्याची सुरुवात सासूबाईंपासून करू.

"भाजणी कधी करायची?" हा टोमणा असेलही, मी तुमच्या घरात नाही. पण तुम्ही दिलेले शब्द पुन्हा वाचले. त्या 'करायची' म्हणाल्या, 'करणार आहेस' म्हणाल्या नाहीत. इतकी वर्षं दिवाळी आली की ज्या बाईचे हात पिठात असायचे, ती आज हातात जोर नाही म्हणून बाहेरच्या खोलीत बसून आहे. घरातलं आपलं काम गेलं, आता आपल्याला कोणी विचारणार नाही, ही भीती त्या वयात फार खोल असते. त्यांनी दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा टाळलंत. त्यांच्या बाजूने बघितलं तर सुनेला आपण यात नकोच आहोत, असंही त्यांना वाटलं असेल. आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि सरळ सांगा, "आई, मला चकलीची भीती वाटते. मागच्या वर्षी विरघळली तेव्हापासून हातच धजत नाही. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसाल का? हात माझे, नजर तुमची." हे म्हणायला जड जाईल. तरी म्हणा. सुनेने मागितलेली मदत नाकारणाऱ्या सासवा मी फार कमी पाहिल्यात, न मागितल्याने दुखावलेल्या पुष्कळ.

आता चकली, कारण गाठ तिथेच आहे. मी तुम्हाला यंदा चकली सोडून द्या असं म्हणणार नाही. सोडलीत तर पुढच्या दिवाळीतही ती तुमच्या मानेवर बसलेली असेल. पण ती पाहुण्यांसाठी म्हणून पहिल्यांदा करू नका. आधी एका वाटीची करा, कोणी बघायला नसताना.

डाळी दोन संध्याकाळींत भाजून होतील. अर्धा किलो तांदूळ, पाव किलो हरभरा डाळ, सव्वाशे ग्रॅम उडीद डाळ, थोडी मूगडाळ, मूठभर पोहे, धणे-जिरे, एवढं पहिल्या खेपेला पुष्कळ झालं. सासूबाईंचं प्रमाण वेगळं असेल तर त्यांचंच घ्या. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. गिरणीत देताना भाजणी गव्हावर दळू नका म्हणून बजावून सांगा, तांदळावर दळून घ्या. दिवाळीच्या आठवड्यात गिरणीत रांग असते, तेव्हा शनिवारी सकाळीच डबा पोचू दे.

शनिवारी रात्री एक वाटी भाजणी घ्या. तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. साधारण वाटीभरच उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, कोमट झालं की चांगलं मळा. मागच्या वर्षी तुमची चकली विरघळली त्याची नेहमीची कारणं दोनच: मोहन जास्त पडलं असेल, नाहीतर तेल पुरतं तापलेलं नसेल. खुसखुशीत व्हावी म्हणून हात सैल सुटतो आणि तिथेच घात होतो. म्हणून आधी कढईत एकच चकली सोडा. ती फुटायला लागली तर उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळा, पुन्हा मळा, पुन्हा एकच सोडा. सोऱ्यातून पाडतानाच तुटत असेल तर दोष उलटा आहे, पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून मळलं की ती वळते. सोडताना तेल चांगलं तापलेलं हवं, नंतर आच मध्यम. चकलीभोवतीचे बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढायची नाही. घाईने मोठ्या आचेवर तळली की बाहेरून लाल होते, आतून कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

वाटीभर पिठात जे बिघडायचं ते बिघडू दे. त्या रात्री ते खाणारी घरचीच माणसं असतील. रविवारी उरलेली भाजणी घ्याल तेव्हा हात निम्मा सरावलेला असेल.

चकलीशिवाय घरी आणखी दोनच गोष्टी करा, बेसनाचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा. लाडू गुरुवारीच उरकून टाका, चांगले टिकतात आणि एक डबा भरलेला दिसला की मनाला फार मोठा आधार येतो. त्यात एकच गोष्ट सांभाळायची, बेसन भाजताना घाई नाही. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हलवत राहायचं. आधी बेसन उलथन्याला जड लागतं, गोळा होतं, मग हळूहळू सैल पडतं, कडेने तूप सुटू लागतं आणि वास जिन्यापर्यंत जातो. तिथे थांबा. पिठीसाखर मात्र बेसन कोमट झाल्यावर, गरमात घातलीत तर मिश्रण पातळ होतं. चिवड्याचे पोहे मंद आचेवर कोरडे भाजा, मोठ्या आचेवर ते आकसतात. शंकरपाळे करायची हौस आली तर रविवारी चकलीच्या आधी तळा, त्याच तेलात मग चकली. उलटं केलंत तर ओव्या-तिखटाचा वास शंकरपाळ्यांना लागतो.

करंज्या, अनारसे, शेव यंदा घरी नाहीत. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आठ दिवसांवर सण आलेला असताना हा घोळ घालू नका.

राहिलं ते विकत आणायचं. इथे तुमचे यजमान चुकीचं बोलले नाहीत, फक्त "एवढं काय त्यात" म्हणाले ते चुकलं. त्यात तुमचं बरंच काही आहे, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. पण विकतच्या फराळाची लाज बाळगू नका. पापडाचं बघा. एके काळी उन्हाळ्यात प्रत्येक घरी पापड लाटले जायचे, आणि विकतचा पापड वाढायला बायका बिचकत असतील. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं, आणि त्यावर हजारो बायकांचे संसार चालले. आज ताटात विकतचा पापड पडला म्हणून कुठली सून अपराधी होते? करंजीचंही तेच आहे. तुमच्या आसपास बचत गटातल्या किंवा घरून फराळ करून देणाऱ्या कोणीतरी असतीलच. त्यांच्याकडून घेतलेली करंजीही कोणाच्या तरी हातचीच असते, आणि तुमच्या पैशांनी तिच्या मुलांची दिवाळी होते.

यजमानांशी बोलायचं ते मात्र वेगळंच. त्यांना मदत मागू नका, कामं त्यांच्या नावावर करा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत देशातल्या ८१.२ टक्के बायका रोज घरकाम करताना दिसल्या आणि पुरुष २६.१ टक्के. जे पुरुष करतात त्यांचाही वेळ दिवसाला ९७ मिनिटं, बायकांचा २९९. तुमच्या घरातही हिशेब फार वेगळा नसावा. म्हणून गिरणी, पंखे, पडदे, बाथरूम, सामान आणणं, एवढं पूर्ण त्यांचं. कधी आणि कसं तेही त्यांनीच ठरवायचं, तुम्ही मागे लागून आठवण करायची नाही. पडदे लक्ष्मीपूजनाच्या सकाळी लागले तरी चालतील. डाळी भाजायला एका संध्याकाळी त्यांना कढईपाशी उभं करा, आई सांगतील तेव्हा गॅस बंद करायचा, एवढं कोणालाही जमतं.

माळा राहू दे. खरंच राहू दे. पाडव्याला येणारं कोणी माळ्यावर चढून बघत नाही. तुळशीचं लग्न झालं की एखाद्या मोकळ्या रविवारी काढा. आता दार, बाहेरची खोली आणि ओटा स्वच्छ असला की दिवाळी झाली.

जाऊबाईंचं शेवटी लिहितेय, कारण ते काम सगळ्यांत अवघड आहे. त्यांना पाडव्याच्या आधी फोन करा. भांडायला नको, पण गिळायलाही नको. "मागच्या वर्षी तू चकलीवरून बोललीस ते मला लागलं होतं. तुझ्या मनात नसेल, पण सगळ्यांसमोर फार ओशाळल्यासारखं झालं," एवढं शांतपणे सांगा आणि थांबा. त्या काय म्हणतात ते ऐका. बहुतेक त्यांना आठवतही नसेल. मग लगेच सांगा, "यंदा आईंना जमत नाहीये, आपण वाटून घेऊ. अनारसे तू आण." फराळ दोघींचा झाला की कोणाचं काय बिघडलं हे मोजायची पाळी येत नाही. मोठी जाऊ म्हणून तुम्हाला हे सांगायचा अधिकार आहे, तो वापरा. आणि पाडव्याला पुन्हा तसंच काही झालं तर या वेळी हसू नका. नुसतं गप्प राहिलात तरी समोरच्याला कळतं.

आज रात्री व्हिडिओ नकोत. सासूबाईंशी बोला आणि झोपा. उद्या सकाळी लोकल पकडण्याआधी करंज्या आणि शेवेची ऑर्डर देऊन टाका. घरगुती फराळ करणाऱ्या बायका वसुबारस जवळ आली की नवी ऑर्डर घेत नाहीत, आणि घेतलीच तर हवं तेवढं मिळेलच असं नाही.

तुमची,
ताई