पाच वर्षांच्या मुलाला युनिव्हर्सलच्या राइड्समध्ये बसू देतील का?

बडोद्याहून दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला निघालात, मुलगा पाच वर्षांचा, मुलगी आठची, आणि तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कात धाकट्याला कुठे बसता येईल असं विचारलंय. वय बाजूला ठेवा. राइडच्या दारात मुलाला उंचीच्या पट्टीजवळ उभं करतात, वय कोणी विचारत नाही. आजच घरी भिंतीला टेकवून दोघांचीही उंची मोजा, सेंटीमीटरमध्ये.

तिथे ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंमी लागतात, जुरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७, ममीला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही रोलर कोस्टरना १२५. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ११० भरते, म्हणजे तुमचा मुलगा बहुधा पहिल्या दोन्हींत बसेल. मला काळजी वाटते ती मुलीची. आठ वर्षांच्या मुलीची मध्यम उंची साधारण १२६-१२७, म्हणजे १२५च्या अगदी काठावर. 'ताई मोठी आहे, तिचा प्रश्नच नाही' असं समजून निघू नका. दिवसभर चालून मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची किंचित कमी भरते. ती काठावर असेल तर ती राइड सकाळीच गाठा.

आता आपली बडोद्याची सवय. 'चालशे ने भाई, जवा दो ने' (चालेल हो भाऊ, जाऊ द्या ना) म्हटलं की इथे पुष्कळ दारं उघडतात. तिथे उघडणार नाहीत, आणि उघडू नयेत. सीटवरचा बार मोठ्या माणसाच्या मांडीवर टेकला की थांबतो. दोघांत एकच बार असेल तर शेजारच्या लहान मुलाच्या मांडीवर पोकळी राहते आणि ते खालून घसरू शकतं. खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसचंही तसंच, खांदे पुरेसे वर हवेत. त्यामुळे 'मी घट्ट धरून बसते' याला काही अर्थ नाही. बुटात कागद घालून उंची वाढवणारे आईबाप तर मला कळतच नाहीत.

धाकटा बाहेर राहिला म्हणून तुम्ही दोघांनी राइड सोडायची गरज नाही. 'चाइल्ड स्वॅप' म्हणून सोय असते, रांगेत शिरतानाच तिथल्या माणसाला सांगा. सगळे एकत्र रांगेत जातात, एकजण बसून येतो तोवर दुसरा मुलाला घेऊन थांबतो, मग अदलाबदल. पुन्हा रांग नाही.

रडारड होते ती दाराशी पहिल्यांदा 'नाही' ऐकल्यावर. म्हणून मुलाला घरीच भिंतीवरच्या खुणा दाखवून सांगा: ही तुझी, ही ममीची, ती पुढच्या वेळी. ताई आत गेल्यावर तो काय करणार तेही आधीच ठरवा, आईस्क्रीम म्हणा किंवा पार्कातला मिनियन लँड हा भाग म्हणा.

आणि उंची बसली म्हणजे मूल बसेलच असं नाही. ट्रान्सफॉर्मर्समध्ये अंधार, मोठा आवाज आणि अंगावर येणारी थ्रीडी चित्रं आहेत. मुलाला अशा गोष्टी सोसतात का हे पाहायला बागेतली छोटी गाडी पुरणार नाही. एक रविवार बडोद्याजवळ आजव्याला आतापी या मनोरंजन पार्कात घालवा. तिथे तो घाबरला तर सिंगापूरला आग्रह करू नका.

निघायच्या आठवड्यात युनिव्हर्सलच्या वेबसाइटवर उंचीची यादी पुन्हा बघा. दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइड्सही तिथेच कळतात.